स्क्रूड्रायव्हरमध्ये मॅग्नेट कुठून आला?

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. टेबलावरचा पसारा बघून मघाशी पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "आज भांड्यांचा सेल आहे का?" शंका रास्त आहे. स्टीलचा डबा आहे, सुरी आहे, भाताचा इलेक्ट्रिक कुकर आहे, सुई, खिळा, एक सळई, एक हातोडी. आणि हा मूठ तडकलेला जुना स्क्रूड्रायव्हर. आज बोलायचंय ते मुख्यतः याच्याबद्दल.

बघा, टोक जवळ नेलं की स्क्रू उडी मारून चिकटतो. असा एखादा तुमच्याही घरी असणार. विकत आणला तेव्हा तो साधा होता, त्याच्यावर कुणी मुद्दाम लोहचुंबक घासला नाही. मग हे आलं कुठून? माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं बनवायच्या विभागात, गेली. तिथे आम्हाला रोज हा प्रश्न पडायचा, पण तो विज्ञानाचा म्हणून नाही, कटकट म्हणून. जॉबला, म्हणजे घडवायला घेतलेल्या लोखंडी भागाला, मॅग्नेट आला की सुपरवायझर तिथूनच ओरडायचे, "अरे, डिमॅग करून आण ना आधी!" डिमॅग म्हणजे आलेला मॅग्नेट घालवणं.

आता, मॅग्नेट आला आणि मॅग्नेट गेला म्हटलं की डोळ्यांसमोर असं काहीतरी येतं की बाहेरून एक गोष्ट लोखंडात शिरली आणि पुढे कधीतरी निघून गेली. तसं होत नाही. लोखंडात चुंबकत्व पहिल्यापासून असतं, पुरेपूर असतं. हा साधा खिळा घ्या. त्यातल्या प्रत्येक अणूला इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे आलेलं स्वतःचं चुंबकत्व आहे. तसं ते इतरही बऱ्याच मूलद्रव्यांत असतं. लोखंडाची खासियत ही, की शेजारशेजारचे अणू एकमेकांना एकाच दिशेला धरून ठेवतात. नेहमीच्या तापमानाला हे जमणारी मूलद्रव्यं मोजकी आहेत: लोखंड, निकेल आणि कोबाल्ट. गॅडोलिनियम नावाचं आणखी एक आहे, पण ते साधारण २० अंश सेल्सिअसच्या खालीच जमवतं. म्हणजे जानेवारीत पहाटे महाबळेश्वरला ठीक, मे महिन्यात ठाण्यात नाही.

मग खिळा टाचण्या का उचलत नाही? कारण हे एका दिशेला असणं छोट्या छोट्या भागांपुरतं असतं. या भागांना डोमेन म्हणतात. काही केसाच्या जाडीपेक्षाही लहान, काही मिलिमीटरभर. प्रत्येक डोमेन स्वतःपुरता पूर्ण ताकदीचा चुंबक आहे. पण एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. सगळ्यांची बेरीज शून्याच्या आसपास, म्हणून खिळा बाहेरून थंड. ही कल्पना पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडली. तेव्हा डोमेन कुणी पाहिले नव्हते.

पाहायच्या आधी ते ऐकू आले. इथे तारेची एक कॉइल आहे, तिच्यात लोखंडाचा तुकडा, आणि कॉइलची टोकं ॲम्प्लिफायरला जोडली आहेत. आता मी लोहचुंबक अगदी सावकाश जवळ आणतो. ऐका... (स्पीकरमधून खरखर ऐकू येते.) माझा हात एकसारखा सरकतोय, धक्का नाही, थांबणं नाही. तरी आवाज अखंड येत नाही, तडतड येतोय. डोमेनच्या सीमा आत अडकून राहतात आणि मग अचानक सुटतात, त्याचा हा आवाज. जर्मनीतल्या हाइनरिश बार्कहाउझेन यांनी तो १९१९ मध्ये पहिल्यांदा ऐकला. मागच्या रांगेतल्यांना नीट ऐकू आला नसेल तर नंतर टेबलापाशी या, मी पुन्हा करून दाखवीन.

"अडकून राहतात" हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लागलं की त्याच्या दिशेने तोंड असलेले डोमेन वाढतात आणि बाकीचे आक्रसतात. म्हणजे सीमा सरकतात. पण लोखंडात कार्बन असतो, कणांच्या कडा असतात, ठोकल्या-वाकवल्याच्या खुणा असतात. तिथे सीमा अडखळतात. नरम लोखंडात असे अडथळे कमी. हा खिळा लोहचुंबकाला लावला, खाली टाचण्या लटकल्या. लोहचुंबक काढला, पडल्या. एखादी राहिली असेल फार तर. आता सुई. सुईला कडक पाणी दिलेलं असतं, आत अडथळेच अडथळे. तिच्यावर लोहचुंबक एकाच दिशेने पाच-सहा वेळा फिरवतो. काढून घेतला तरी टाचणी सुटत नाही. नरम लोखंड लवकर वळतं आणि लवकर परततं. कडक पोलाद वळायला कुरकुरतं, पण एकदा वळलं की परतायलाही तेवढंच कुरकुरतं. स्क्रूड्रायव्हर, ड्रिल बिट, कात्री, सुरी ही सगळी कडक पोलादाची. म्हणून मॅग्नेट यांनाच येतो आणि यांच्यातच टिकतो. दारावरच्या जुन्या विजेच्या घंटेत मात्र मुद्दाम नरम लोखंड घालतात. वीज तुटली की त्याने पट्टी सोडायला हवी, नाहीतर घंटा एकदाच वाजेल.

आता माझा मुख्य मुद्दा. गव्हाचा डबा भरताना आपण तो जमिनीवर दोनदा हलकेच आपटतो आणि गहू खाली बसतो. आपटण्याने गहू खाली जात नाही. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतच असतं, दाणे एकमेकांत अडकलेले असतात म्हणून तो जाऊ शकत नाही. आपटल्यावर दाणे क्षणभर सुटतात. लोखंडात अगदी हेच होतं. हातोडीचा घाव, उष्णता, विजेचा झटका, या सगळ्यांनी अडकलेल्या सीमा क्षणभर मोकळ्या होतात. त्या कुठल्या दिशेला जाऊन बसणार हे घाव ठरवत नाही. घाव विरत असताना आजूबाजूला जे क्षेत्र असेल ते ठरवतं. म्हणून एकाच हातोडीने लोखंड चुंबक होतं आणि त्याच हातोडीने चुंबकाचं चुंबकत्व जातं. यात विसंगती काही नाही.

आजूबाजूला क्षेत्र असतंच का, असं कुणी म्हणेल. असतं. खिशातले मोबाइल काढा. ज्यांच्याकडे मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं, ॲप असेल त्यांनी उघडा, नसेल त्यांनी शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये बघा. काय आकडा येतोय? ४१... ४७... ३६... तिकडे ६०? तुम्ही लोखंडी खुर्चीला टेकवून धरलाय, वर उचला. हां, आला खाली. पृथ्वीचं क्षेत्र आपल्या भागात साधारण ४३ मायक्रोटेस्ला आहे. टेस्ला हे क्षेत्र मोजायचं एकक, मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग. या सभागृहाच्या खांबांतल्या सळया, खुर्च्या, पंखे त्यात थोडी लुडबुड करतात म्हणून तुमचे आकडे सारखे नाहीत. फ्रिजवर चिकटवायच्या शोभेच्या चुंबकाजवळचं क्षेत्र याच्या शंभरेक पट भरतं. म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र क्षीण आहे, पण रात्रंदिवस आहे आणि सगळीकडे आहे.

आपल्याकडे त्याची मोजदाद फार जुनी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं जे प्रचंड चुंबकीय वादळ जगभर गाजलं, त्याची नोंद कुलाब्याला झालेली आहे आणि आजही शास्त्रज्ञ ती तपासतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह जमिनीतून परतताना स्वतःचं क्षेत्र तयार करणार आणि नोंदी नासवणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं, आणि तेही घाईने नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला जुळवता येईल. ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. अलिबागच्या इमारतीच्या बांधकामात लोखंड टाळलेलं आहे. आज हे काम बघणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्या नवीन पनवेलला आहे. पनवेलहून रोज लोकलने जा-ये करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

आता पृथ्वीच्या क्षेत्राने घरातल्या लोखंडाचं काय होतं ते बघू. कोपऱ्यातलं हे स्टीलचं कपाट बरीच वर्षं इथेच उभं आहे, असं इथले कर्मचारी सांगतात. माझ्या हातात होकायंत्र आहे. कपाटाच्या तळाशी नेतो. सुईचं दक्षिण टोक कपाटाकडे वळलं. आता तसंच कडेकडेने वर नेतो. अर्ध्यावर सुई चाचपडतेय. आणि वरच्या कडेशी? उलटी फिरली, आता उत्तर टोक कपाटाकडे. म्हणजे अख्खं कपाट एक उभा लोहचुंबक झालंय, खाली उत्तर ध्रुव आणि वर दक्षिण. विषुववृत्ताच्या उत्तरेला पृथ्वीचं क्षेत्र जमिनीत तिरकं उतरतं, म्हणून तळाशी उत्तर ध्रुव तयार होतो. घरी जाऊन स्वतःच्या कपाटावर आणि खिडकीच्या ग्रिलवर करून बघा. मोबाइलचं होकायंत्र चालेल, पण शाळेतलं सुईवालं जास्त मजा देतं.

आपल्याकडे क्षेत्र क्षितिजाच्या खाली पंचवीसेक अंशच झुकलेलं आहे. इंग्लंडात ते बरंच जास्त उभं घुसतं. त्यामुळे तिथे उभ्या सळईला जितका मॅग्नेट येतो तितका इथे येत नाही. आपल्याकडे दक्षिणोत्तर आडवी ठेवलेली सळई जास्त बरी. चला, ठोकूनच बघू.

उत्तर कुठे? घोडबंदर रोडची बाजू धरा. ही सळई मी दक्षिणोत्तर धरतो, उत्तरेकडचं टोक थोडं खाली झुकवून, म्हणजे क्षेत्राच्या रेषेत. आधी तपासू. होकायंत्राची सुई दोन्ही टोकांशी जेमतेम हलते. आता हातोडी. कानांवर हात ठेवायचे असतील त्यांनी ठेवा. (ठोकण्याचे आवाज.) झालं. आता हे उत्तरेकडचं टोक सुईच्या उत्तर टोकाला सरळ ढकलून लावतंय. उत्तर ध्रुव तयार झाला. आता सळईची टोकं उलटी करतो. जे उत्तरेला होतं ते दक्षिणेला. पुन्हा ठोकतो. बघा, ध्रुवांची अदलाबदल. आता तिसरा प्रकार. सळई पूर्व-पश्चिम, म्हणजे कळव्याकडून येऊरकडे. ठोकतो. सुई आता जेमतेम हलतेय. या पूर्व-पश्चिम अवस्थेत क्षेत्राला सळईच्या लांबीत काही दिशा देता येत नाही, म्हणून सीमा मोकळ्या झाल्या आणि विखुरल्या. हातोडी तीच, सळई तीच, घावही जवळपास तेच. फरक फक्त सळई कुठे तोंड करून होती याचा.

हे माझं संशोधन नाही. विल्यम गिल्बर्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६०० साली चुंबकावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात एक चित्र आहे: लोहार ऐरणीवर तापलेली सळई ठोकतोय आणि दोन्ही बाजूंना उत्तर आणि दक्षिण असं लिहिलेलं आहे. राणी एलिझाबेथचा वैद्य असा लोहाराच्या भात्यापाशी जाऊन उभा राहिला, याचं मला मोठं कौतुक वाटतं. त्या काळच्या विद्वानांना हात काळे करण्याची फार हौस नसायची.

तर आपल्या स्क्रूड्रायव्हरचं उत्तर अर्धं मिळालं. तो पडतो, आपटतो, त्याच्यावर हातोडी मारून आपण रंगाच्या डब्याचं झाकण उघडतो. शिवाय ड्रिल मशीन, मिक्सर, स्पीकर, पाकिटाचं चुंबकाचं बटण यांच्या शेजारी तो पडून असतो. पृथ्वीच्या क्षेत्राने येणारा मॅग्नेट हलका. स्क्रू उडी मारून चिकटावा इतका आला असेल तर त्याची कधीतरी जोरदार चुंबकाशी गाठ पडलेली असते. बहुतेक वेळा स्पीकरच्या.

आता उष्णता. सुईला मघाशी मॅग्नेट आणला होता. ही गॅसची छोटी शेगडी. चिमट्यात धरून सुई लालभडक होऊ देतो. लोखंडाचं एक ठरलेलं तापमान आहे, ७७० अंश. त्याच्यावर अणूंची हालचाल इतकी वाढते की शेजाऱ्याने शेजाऱ्याला धरून ठेवणंच संपतं. डोमेनच उरत नाहीत. पिएर क्युरी यांनी १८९५ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास केला म्हणून त्याला क्युरी तापमान म्हणतात. निकेलचं साधारण ३५८ अंश, कोबाल्टचं ११०० च्या वर. सुई लाल झाली. गार होऊ दे. आता टाचणी लावून बघतो... काही नाही. लोखंड गार झाल्यावर डोमेन पुन्हा तयार झाले, पण प्रत्येकाचं तोंड भलतीकडे.

क्युरी तापमानाचा रोजच्या वापरातला नमुना म्हणजे हा कुकर. झाकण काढून आत बघा, तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर एक गोल चकती आहे. तिच्यात फेराइट नावाचा चुंबकीय पदार्थ असतो, त्याचं क्युरी तापमान मुद्दाम १०३ अंशांच्या आसपास ठेवलेलं. खाली एक लोहचुंबक. खटका दाबला की लोहचुंबक फेराइटला चिकटतो आणि वीज चालू राहते. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणी आटलं की तापमान चढतं, फेराइटचं चुंबकत्व जातं, लोहचुंबक स्प्रिंगने खाली सुटतो आणि टक! भात झाला. घड्याळ नाही, चिप नाही. इतकी सुंदर रचना स्वयंपाकघरात पडलेली असते आणि आपण तिला फक्त भात लावतो.

उष्णतेचीही उलटी बाजू आहे. चुंबकीय खनिज क्युरी तापमानाच्या वरून गार होत खाली आलं की त्या वेळी असलेल्या क्षेत्राची दिशा पकडून बसतं. पारसिकचा बोगदा ज्या काळ्या खडकातून काढलाय तो दख्खनचा बेसॉल्ट. दख्खनचा लाव्हा मुख्यतः साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. ते ५८० अंशांच्या खाली आले आणि तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्यांच्यात कायम झाली. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांचं चुंबकत्व मोजून प्रसिद्ध केलं. त्यावरून दिसलं की हे दगड तयार झाले तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. भूखंडं सरकतात हे तेव्हा सगळ्यांना मान्य नव्हतं. दख्खनच्या अनेक थरांत तर क्षेत्राची दिशा आजच्या उलट आहे, कारण पृथ्वीच्या ध्रुवांची तेव्हा अदलाबदल झालेली होती. हा विषय एका संध्याकाळचा नाही, पुढे जातो.

वीज. टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, जॉब धरायला मॅग्नेटिक चक असतो. चालू केला की जॉब घट्ट, बंद केला की सुटतो. पण कडक केलेल्या पोलादाचा जॉब सुटल्यावरही थोडा चुंबक राहतोच. मग त्याच्यावर बुरा चिकटतो. पुसला तरी जात नाही, फक्त इकडून तिकडे सरकतो. मोजमाप मायक्रॉनमध्ये घ्यायचं आणि जॉबखाली लोखंडाचा बारीक कण बसलेला. किती जॉब त्यापायी रिजेक्ट झालेत. असा जॉब जोडायला घेतला तर आणखी वेगळी तऱ्हा. डीसी वेल्डिंगमध्ये चुंबक झालेल्या पाइपवर आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, जागेवर थांबतच नाही, एका बाजूला पळतो. वेल्डर बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

यावर उपाय म्हणजे हा डिमॅग्नेटायझर. आत कॉइल, तिला घरातलाच एसी करंट. ५० हर्ट्झ म्हणजे क्षेत्राची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते. बटण दाबतो. स्क्रूड्रायव्हर कॉइलमधून सावकाश पुढे नेतो आणि तसाच सावकाश लांब, हातभर लांब, काढून घेतो. आता बटण सोडतो. बघा, स्क्रू चिकटत नाही. काय झालं? जवळ असताना क्षेत्राने सगळे डोमेन इकडे, तिकडे, इकडे, तिकडे असे फिरवले. लांब नेत गेलो तसं क्षेत्र क्षीण होत गेलं आणि प्रत्येक फेरीत थोडे डोमेन मागे राहत गेले. काही या बाजूला, तितकेच त्या बाजूला. शेवटी बेरीज शून्य. सगळी किमया त्या सावकाश लांब नेण्यात आहे. नवीन पोरं काय करायची? जॉब आत असतानाच बटण सोडायची. ज्या क्षणी करंट तुटला त्या क्षणी जी दिशा होती ती जॉबमध्ये कायम. कधी कधी आधीपेक्षा जास्त मॅग्नेट! मग "मशीन खराब आहे" म्हणून तक्रार.

जुन्या रंगीत टीव्हीतही हीच सोय होती. चालू करताना "धप्प" असा आवाज यायचा आणि चित्र क्षणभर थरथरायचं, आठवतं? पडद्यामागे लोखंडी जाळी असायची. तिला मॅग्नेट आला की रंग सरकायचे, कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पडायचा. म्हणून दर वेळी सुरुवातीला एका कॉइलमधून एसी सोडायचा आणि तो आपोआप विरत जायचा. घरात एखादं उद्योगी कार्टं असेल आणि त्याने स्पीकरमधला लोहचुंबक पडद्यावर फिरवला असेल, तर मात्र तेवढ्याने भागायचं नाही.

आता भांडी. या विषयावर मला थोडं चिडून बोलू द्या. जांभळी नाक्याच्या बाजारात कुठल्याही दुकानात उभे राहा. दुकानदार खिशातून लोहचुंबक काढतो, डब्याला लावतो, आणि म्हणतो, "बघा ताई, चिकटत नाही. अस्सल स्टील!" गिऱ्हाईक खूश. यात खोटं काही नाही, पण यातून जे ठरतं असं वाटतं ते ठरत नाही.

चांगल्या भांड्यांचं जे ३०४ नंबरचं स्टील असतं त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि उरलेलं बहुतेक लोखंडच. सत्तर टक्के लोखंड असून चुंबक का चिकटत नाही? कारण निकेलमुळे अणूंची मांडणी बदलते, आणि त्या मांडणीत शेजाऱ्याने शेजाऱ्याला एका दिशेला धरून ठेवणं होत नाही. पण ही मांडणी निकेलऐवजी बऱ्याच अंशी मँगेनीज आणि नायट्रोजन घालूनही टिकवता येते. तसं दोनशे नंबरच्या मालिकेतलं स्टील स्वस्त पडतं आणि गंजाला ३०४ इतका टिकाव धरत नाही. लोहचुंबक त्यालाही चिकटत नाही. म्हणजे दुकानदाराच्या चाचणीत दोन्ही डबे पास. उलट ४३० नंबरच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, चुंबक कडकडून चिकटतो, आणि तरीही ते स्टेनलेसच आहे. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या तळाशी मुद्दाम तसंच चुंबकीय स्टील बसवतात. सुरीला धार टिकायला कडकपणा हवा, म्हणून तिचं स्टील चुंबकीयच असतं.

आणखी एक गंमत. हा ३०४ चा डबा. माझ्याकडचा हा छोटा चुंबक निओडिमियमचा आहे, जोरदार. तळाच्या मध्यावर लावतो, घसरून पडतो. आता काठाला लावतो, जिथे पत्रा वळवलाय. थोडासा धरतोय, दिसलं? पत्रा थंड असतानाच दाबला, वळवला की त्या जागची अणूंची मांडणी थोडी पालटते आणि तिथे चुंबकत्व येतं. घरच्या सिंकच्या कोपऱ्यांवर करून बघा. सिंक नकली निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

वेळ होत आलीय, चिठ्ठ्या आल्यात त्यातल्या तीन घेतो.

पहिली एका शिक्षिकेची आहे: शाळेच्या प्रयोगशाळेतले पट्टीचुंबक दरवर्षी कमजोर का होतात? बाई, मुलं ते पाडतात, एकमेकांवर आपटतात, आणि सारखे ध्रुव शेजारी येतील असे कसेही डब्यात टाकतात. प्रत्येक धक्क्याला सीमा सुटतात आणि त्या वेळी शेजारच्या चुंबकाचं उलटं क्षेत्र हजर असतं. पेटीबरोबर नरम लोखंडाचे दोन तुकडे येतात ना, ते नुसते वजनाला दिलेले नसतात. दोन चुंबक विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे ठेवायचे आणि दोन्ही टोकांना ते तुकडे लावायचे. हल्लीच्या निओडिमियम चुंबकांना हे लागत नाही, पण ते गरम करू नका. साधे प्रकार ८० अंशांच्या पुढे दमायला लागतात.

दुसरी चिठ्ठी: रक्तात लोह असतं, मग चुंबकाचं कडं घातल्याने रक्ताभिसरण सुधारतं का? नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह सुट्या अणूंच्या रूपात आहे, त्यात डोमेन नाहीत. ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. एमआरआयच्या यंत्रात दीड किंवा तीन टेस्ला क्षेत्र असतं, तिथेही माणसाचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. कडं दिसायला आवडत असेल तर जरूर घाला.

तिसरी: वडिलांचं चावीचं घड्याळ हल्ली दिवसाला काही मिनिटं पुढे जातं, त्याचा याच्याशी संबंध असेल का? असू शकतो. आतल्या बारीक स्प्रिंगला मॅग्नेट आला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. मोबाइलच्या चुंबकाच्या कव्हरशेजारी ठेवत असाल तर आधी ते बंद करा. घड्याळ आत्ता सोबत असेल तर घेऊन या, होकायंत्राजवळ धरून बघू. सुई हलली तर डिमॅग करून देतो, हा टेबलावरचा नाही, घड्याळासाठी माझ्या पिशवीत लहान आहे. मात्र पेसमेकर किंवा कानाचं यंत्र असलेल्यांनी टेबलाजवळ येऊ नका, आणि बाकीच्यांनी मोबाइल खुर्चीवरच ठेवून या.